ठवणीवरचा अर्धा अध्याय

मित्रांनो, फणसाच्या लाकडाची एक म्हातारी ठवणी आहे मी. ठवणी म्हणजे काय, असं आता तुम्ही एकमेकांना विचाराल. खुशाल विचारा, मला राग नाही. आजकाल मला ओळखतं कोण? दोन फळ्या कात्रीसारख्या एकमेकींत अडकवलेल्या. त्या उघडल्या की वर खोबण होते. त्या खोबणीत पुस्तक ठेवायचं, समोर मांडी घालून बसायचं आणि मोठ्यानं वाचायचं. पुस्तक पडू द्यायचं नाही, एवढंच माझं काम. पण हे एवढंसं काम करताना माझ्यासमोर एक चूक घडली. त्या चुकीत मीही होते. ती सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून आज बोलते आहे.

माझा जन्म कुंभकोणमजवळच्या पट्टीश्वरमचा. तिथल्या एका आसारीनं, म्हणजे सुतारानं, मला घडवलं. फणसाचं लाकूड त्यानं खरं तर वीणेसाठी आणलं होतं. वीणा झाली, ती तंजावरला गेली आणि उरलेल्या फळीतून मी झाले. म्हणजे नात्यानं मी वीणेची धाकटी बहीण. ती गायला गेली आणि मी ऐकायला राहिले. आसारीनं मला एकाच फळीतून चिरून काढलं. ना खिळा, ना सरस. माझ्या दोन्ही अंगांची गुंफण बघून बायका विचारायच्या, हे आत गेलं कसं? आसारी नुसता हसायचा.

मला विकत घेतलं पांडुरंगरावांनी. ते टपाल कचेरीत होते. त्यांचे पूर्वज तंजावरच्या मराठी राजांच्या काळात इकडे आले आणि इकडचेच झाले. घरात मराठी आणि उंबरा ओलांडला की तमिळ, अशी त्या घराची रीत. ती मराठीसुद्धा जुन्या वळणाची. पुण्याचा एक पाहुणा आला होता, तो म्हणाला, तुम्ही लोक बखरीतल्यासारखं बोलता. पांडुरंगरावांना ते फार आवडलं. आठवडाभर ज्याला त्याला सांगत होते.

रोज दिवेलागणीला ते पुढच्या खोलीत मला उघडून पोथी वाचायचे. शेजारपाजारचे येऊन बसायचे. वाचनाचे दोन नियम होते आणि त्या घरात ते नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पहिला नियम असा, की धरलेला अध्याय मधे सोडायचा नाही. पाऊस येवो, पाहुणा येवो, अध्याय संपल्यावरच उठायचं. दुसरा नियम, वाचायचं पान आधी चाळून बघायचं नाही. पांडुरंगराव म्हणायचे, नैवेद्य कुणी आधी चाखतं का?

एकदा त्यांच्या कचेरीतला माणूस संध्याकाळी तार घेऊन आला. त्यांचे थोरले भाऊ तिकडे मदुरेत देवाघरी गेले होते. पांडुरंगरावांनी तार वाचली, तिची घडी केली, माझ्या पायाखाली सरकवली आणि उरलेल्या वीस ओव्या पुऱ्या केल्या. आवाज एकदाही फुटला नाही. मग उठून आत गेले. गल्लीत वर्षभर कौतुक चाललं होतं, काय तो माणूस, काय ती निष्ठा. मलाही अभिमान वाटला. तार माझ्या पायाखाली होती ना! मी डगमगले नव्हते. आज त्या अभिमानाची मला थोडी लाज वाटते.

पांडुरंगराव गेले आणि माझे दिवस फिरले. त्यांची सून मीनाक्षीबाई पोथी वाचेना. वाईट बाई नव्हे हो, डोळ्यांनी अधू. मला मिटून कपाटावर ठेवलं. इकडे नवरात्रात मांडतात त्या बाहुल्यांच्या खोक्याखाली मी कितीतरी वर्षं पडून होते. नंतर मोबाईल आला, तेव्हा मला खाली काढलं. मला वाटलं, पुन्हा वाचन! कसलं काय. माझ्यावर मोबाईल टेकवून बाई मालिका बघायच्या. सासू सुनेला छळते आणि सून रडते, एवढंच मी तीन वर्षं ऐकलं. पडताना माझ्या डाव्या पायाचा टवका उडाला तोही त्याच काळात.

मला त्यातून सोडवलं मीनाक्षीबाईंच्या मुलीनं, सुष्मितानं. ती शिक्षिका झाली. गेल्या जूनमध्ये तिला साक्कोट्टैच्या वाटेवरच्या एका शाळेत पाचवीचा वर्ग मिळाला. शाळेत माजी विद्यार्थ्यांनी भेट दिलेलं पुस्तकांचं एक खोकं होतं, फीतसुद्धा न सोडलेलं. सुष्मितानं मुख्याध्यापकांना, जानकीराम सरांना विचारलं, की शुक्रवारचा शेवटचा तास मला द्याल का, मी मुलांना मोठ्यानं वाचून दाखवीन. सर म्हणाले, घ्या, पण नुसत्या गोष्टी नकोत, माहितीचीही पुस्तकं वाचा. मग एका शुक्रवारी गोष्ट आणि दुसऱ्या शुक्रवारी माहिती असं ठरलं. सुष्मिता घरी आली, मोबाईल उचलून आईच्या हातात दिला आणि मला पिशवीत घातलं.

मित्रांनो, त्या पहिल्या शुक्रवारी मला काय वाटलं म्हणून सांगू! एकतीस मुलं जमिनीवर माझ्याभोवती गोल करून बसली. सगळं तमिळमध्ये चाललेलं, पण तमिळ मला काय नवीन होतं? मुंग्यांवरचं पुस्तक होतं. तास संपला तरी निम्मा वर्ग पोटावर पालथा पडून भिंतीच्या कडेनं मुंग्यांची रांग बघत होता. पुढच्या शुक्रवारी एका आळशी गाढवाची गोष्ट. साईकुमार नावाचा एक दांडगा मुलगा आहे, तो हसता हसता माझ्यावरच आडवा झाला. दुसऱ्या वर्गातली मुलं खिडकीशी येऊन उभी राहायची. जानकीराम सरही एकदा दारात येऊन ऐकून गेले.

त्या एकतिसांत एक पवित्रा होती. ती नेहमी माझ्या डाव्या पायाशी बसायची आणि जिथं टवका उडाला होता तिथं अंगठा फिरवत ऐकायची. कमी बोलायची. पण माहितीचं पुस्तक असलं की मधेच एक प्रश्न यायचा, तोही हळू आवाजात. मुंग्या रस्ता का चुकत नाहीत? पानाला भोक कशानं पडतं? उत्तर मिळालं की मान हलवायची आणि पुन्हा अंगठा फिरवायची. माझा टवका तिच्या अंगठ्यानं गुळगुळीत झाला आहे. मला ती फार आवडायची. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सांगणं मला जड जाणार आहे.

सुष्मिता पुस्तकं कशी निवडायची? मुखपृष्ठ बघायची, पहिलं पान वाचायची आणि आवडलं तर पिशवीत टाकायची. पुढं वाचायची नाही. घरचा नियम तिच्या रक्तात होता. नैवेद्य आधी चाखायचा नाही. शेजारच्या वर्गावरच्या बाईंना ती मोठ्या अभिमानानं सांगायची, की पुढं काय होणार ते मलाही मुलांबरोबरच कळतं, त्यातच खरी मजा. मी ऐकायचे आणि मनात म्हणायचे, शाब्बास, आजोबांची नात शोभतेस.

जुलैचा शेवटचा शुक्रवार होता. गोष्टीची पाळी. सुष्मितानं काढलेल्या पुस्तकावर एक लाल होडी होती आणि होडीत दात विचकून हसणारा मुलगा. गोष्टीतला मुलगा नावाड्याचा. पहिली तीन प्रकरणं मजेची होती आणि मुलं हसत होती. चौथं प्रकरण सुरू झालं. नदीला पूर आला. आईनं मुलाला सांगितलं, आज काठावर जाऊ नकोस. मुलगा गेला.

पवित्राचा अंगठा थांबला. मला लगेच कळलं. मग तिनं बोटं माझ्या पायाभोवती आवळली.

सुष्मितानं मान वर केली. तिनं पवित्राचा चेहरा पाहिला. हे मी शपथेवर सांगते, कारण वाचणारी आणि ऐकणारे यांच्या मधे मीच असते. तिनं पाहिला, क्षणभर अडखळली आणि पुढची ओळ वाचली. प्रकरण धरलं होतं ना. दीड पान उरलं होतं. मागून साईकुमार शेजाऱ्याला कुजबुजला, सेतूसारखंच आहे हे. दोनचार माना पवित्राकडे वळल्या. सुष्मितानं तेही ऐकलं, पण सेतू कोण हे तिला ठाऊक नव्हतं. ती वाचत राहिली. आवाज मात्र खाली खाली जात होता. शेवटची ओळ आली, ती अशी होती: ‘आईचं न ऐकणाऱ्याला नदी परत देत नाही.’

आणि मी? मला पडता आलं असतं. एक पाय तुटका, जमीन गुळगुळीत. जरा सरकले असते तर पुस्तक खाली गेलं असतं, मुलं हसली असती आणि तास तिथंच संपला असता. पण जन्मभर ताठ उभं राहण्याची शाबासकी घेतलेली मी. उभी राहिले.

घंटा झाली. पवित्रानं माझा पाय सोडला आणि दप्तर घेऊन निघून गेली. सोमवारी ती आली नाही. मंगळवारीही नाही.

सेतू हा पवित्राचा थोरला भाऊ. तेरा वर्षांचा. आदल्या वर्षी आडी या तमिळ महिन्याच्या अठराव्या दिवशी, नदीच्या पुराच्या सणाला, आपल्याकडे मुलं लाकडाचे छोटे रथ ओढत नदीवर जातात ना, तसा तोही बहिणीला घेऊन गेला होता. तिचा रथ त्यानंच बनवला होता. बंधाऱ्यावरून पाणी पडत होतं. आईनं बजावलं होतं, बंधाऱ्याखाली उतरू नकोस. तो उतरला आणि वर आला नाही. हे सगळं जानकीराम सरांना ठाऊक होतं, जुन्या शिक्षकांना ठाऊक होतं, अख्ख्या पाचवीला ठाऊक होतं. नव्या आलेल्या सुष्मिताला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिनं कुणाला विचारलं नव्हतं.

गुरुवारी पवित्राची आई, कामाक्षी, शाळेत आली. ती विड्याच्या पानांच्या मळ्यात कामाला जाते. बोटं हिरवी पडलेली. वर्गात मुलं नव्हती, सुष्मिता एकटी वह्या तपासत होती आणि मी खिडकीत होते. कामाक्षी भांडायला आली असती तर बरं झालं असतं. ती दारातच उभी राहिली आणि म्हणाली, “टीचर, माझ्या मुलानं माझं ऐकलं नाही, असं वर्षभर गल्ली म्हणत होती. आता पुस्तकही म्हणतं.”

सुष्मिता उठून दाराकडे आली. कामाक्षीनं एवढंच सांगितलं, की मुलगी शाळेत यायला तयार नाही. आपण तिला जबरदस्ती करणार नाही. आणि ती गेली.

जानकीराम सरांनी सुष्मिताला बोलावून घेतलं. ते रागावले नाहीत. पण यापुढं गोष्टी बंद म्हणाले. फक्त माहितीची पुस्तकं. माहितीचं पुस्तक कुणाला रडवत नाही. आणि खोक्यातल्या ज्या ज्या पुस्तकात कुणी मरतं, ती सगळी बाहेर काढा. सुष्मिता मान खाली घालून परत आली. आता तिला माहितीचंही पुस्तक वाचवेना. तिनं मला मिटलं आणि कपाटात, वह्यांच्या गठ्ठ्यामागं ठेवून दिलं. ऑगस्ट गेला, सप्टेंबर निम्मा गेला. शुक्रवारी शेवटच्या तासाला मुलं कपाटाकडे बघायची आणि गणितं करायची. पवित्राची जागा रिकामीच होती.

अंधारात पडल्या पडल्या माझ्या मनात एकच चाललेलं. या पोरीचं शिक्षण माझ्यापायी सुटलं तर? मित्रांनो, लाकडाला वाळवी आतून लागते, तसं मला झालं होतं.

तिमाही परीक्षा संपली आणि सुट्टी लागली. निघायच्या दिवशी सुष्मितानं कपाट उघडलं. मला काढलं, मग ते पुस्तकांचं खोकंही काढलं. दोन्ही रिक्षात घालून घरी आणलं. पुढच्या खोलीत, जिथं आजोबा बसायचे तिथंच, मला उघडलं आणि पहिलं पुस्तक ठेवलं. आईला म्हणाली, मी सगळी पुस्तकं मोठ्यानं वाचणार आहे, शेवटच्या पानापर्यंत, तू ऐक. मीनाक्षीबाईंनी कपाळाला हात लावला. मालिका चुकणार होत्या ना! पण बसल्या.

दोन पुस्तकं झाली, तिसरं झालं. चौथ्याला सुष्मिता मधेच थांबली आणि रडायला लागली. म्हणाली, मी आपल्या घरचा नियम मोडला नाही. अध्याय सोडला नाही, आधी चाखलं नाही, आजोबा करायचे तसंच केलं. मग असं कसं झालं?

मीनाक्षीबाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. तसं बघितलं तर बाई फार बोलणाऱ्यांतल्या नव्हेत. त्या म्हणाल्या, “अगे, नैवेद्य चाखत नाहींत खरें. पण रांधणारीस ठाऊक असतें, मीठ किती घातलें तें. तुझ्या आजोबास पोथी पाठ होती. कोठें कोण रडेल हें त्यांस आधीं ठाऊक. विधवा काशीबाई येऊन बसली, तर त्या दिवशीं दुसराच अध्याय धरीत.”

मी हादरले. इतकी वर्षं पोथी माझ्या अंगावर वाचली गेली आणि हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं! पांडुरंगराव मला उघडायच्या आधी खोलीभर नजर फिरवायचे. मला वाटायचं, माणसं मोजतात. ते चेहरे बघत असत. चाळून बघायची त्यांना गरजच नव्हती, चाळीस वेळा वाचून झालेलं ते पुस्तक. नियम तेवढे नातीपर्यंत पोचले आणि नियमामागचं जाणतेपण वाटेत कुठंतरी सांडलं.

मग सुष्मितानं नेटानं वाचायला घेतलं. एकूण त्रेचाळीस पुस्तकं होती. वाचताना ती समोर एकेक मूल बसवायची, म्हणजे मनातल्या मनात. ही गोष्ट साईकुमार कशी ऐकेल? ज्याचे बाबा घर सोडून गेलेत तो कसा ऐकेल? काही पुस्तकं लगेच बाजूला निघाली, वाचण्याजोगी. काहींवर तिनं पेन्सिलीनं लिहिलं, अमक्याच्या घरी आधी विचारायचं. भूकंपावर एक माहितीचं पुस्तक होतं. त्यात ढिगाऱ्याजवळ बसलेल्या मुलीचं छायाचित्र होतं. ते बघून मीनाक्षीबाई उठून पाणी प्यायला गेल्या. माहितीचं पुस्तक कुणाला रडवत नाही, हे सरांचं म्हणणं तिथंच पडलं. आणि एका छोट्या गोष्टीत म्हातारा बैल मरतो, ती ऐकून त्याच बाई म्हणाल्या, फार बरें वाटलें, पुन्हा वाच. लाल होडीचं पुस्तक सुष्मितानं दोनदा वाचलं. फेकलं नाही. शेवटच्या ओळीशी येऊन म्हणाली, हे खोटं आहे. आईचं कुणी ऐकलं आणि कुणी नाही, हे नदीला कळतं होय?

सुट्टीचे शेवटचे दोन दिवस राहिले तेव्हा खोक्याच्या तळाचं एक पुस्तक माझ्यावर आलं. साधं, राखाडी, चित्रंही नीट छापलेली नाहीत. वाहत्या पाण्याची माहिती. पहिल्या पानावरून कुणी उचललं नसतं. पाणी वळणावर जोरात का धावतं, भोवरा कसा होतो. चौथं प्रकरण बंधाऱ्याचं. सुष्मिता वाचता वाचता थांबली. मग तेच पान पुन्हा वाचलं. मग पुस्तक मिटून मांडीवर घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ती साक्कोट्टैला, पवित्राच्या घरी गेली. मी घरीच. परतल्यावर तिनं आईला सांगितलं ते असं. कामाक्षी मळ्यावर निघाली होती. सुष्मितानं आधी तिची माफी मागितली. मग पुस्तक दाखवलं, कशाचं आहे ते सांगितलं आणि विचारलं, की हे पवित्राला देऊ का? कामाक्षी म्हणाली, मला वाचता येत नाही, तिलाच विचारा. पवित्रा आतल्या दाराशी उभी होती. सुष्मिता तिला म्हणाली, हे आधी तू वाच. वर्गात वाचायचं की नाही ते तू ठरवायचं. नको म्हणालीस तर नाही. पवित्रानं पुस्तक घेतलं. शाळेत येशील का, हे सुष्मितानं विचारलं नाही. मीनाक्षीबाईंनी विचारलं, पोर काय म्हणाली? पुस्तक घेऊन आत गेली, असं सुष्मिता म्हणाली.

शाळा उघडली. मी पुन्हा वर्गाच्या खिडकीत आले. पहिला आठवडा गेला. पवित्रा आली नाही. सुष्मितानं शुक्रवारी म्हाताऱ्या बैलाची गोष्ट वाचली. सरांना तिनं आधी ती वाचायला दिली होती. ते दोन दिवसांनी पुस्तक परत देताना चष्मा पुसत होते, वाचा म्हणाले. दुसरा आठवडाही सरत आला.

दुसऱ्या शुक्रवारी, शेवटच्या तासाला, पवित्रा दारात उभी राहिली. हातात ते राखाडी पुस्तक आणि त्यात खुणेला ठेवलेलं विड्याचं पान. कडा काळ्या पडलेल्या. ती आली, पुस्तक माझ्यावर ठेवलं आणि आपल्या जागी, माझ्या डाव्या पायाशी बसली. सुष्मितानं तिच्याकडे बघून हळूच सांगितलं, “तू म्हणशील तिथं थांबेन.”

वाचन सुरू झालं. बंधाऱ्यावरून पडणारं पाणी वरून शांत दिसतं. पण खाली ते गोल गोल फिरत राहतं. जे वर येऊ पाहतं त्याला पुन्हा पडत्या पाण्याकडे ओढतं आणि पुन्हा खाली दाबतं. तिथल्या पाण्यात फेस फार, म्हणून माणूस नीट तरंगतही नाही. माझ्या पायावरचा अंगठा चालत होता, थांबत होता, पुन्हा चालत होता. सुष्मिता प्रत्येक ओळीनंतर मान वर करत होती. तिच्या घामानं पान ओलं झालं. मग ते वाक्य आलं: ‘उत्तम पोहणाऱ्यालाही अशा पाण्यातून सहसा बाहेर पडता येत नाही. त्यात त्याचा दोष नसतो.’

“सेतूला पोहता येत होतं,” पवित्रा म्हणाली.

ती मोठ्यानं म्हणाली. सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं. “मला त्यानंच शिकवलं. सगळे म्हणतात त्याला येत नव्हतं आणि तो उगाच मिजास करत होता. त्याला येत होतं.”

साईकुमार मान खाली घालून पायाचं नख खरवडत होता. मग पवित्रानं आपला तळहात त्या पानावर ठेवला.

“आता पुरे, टीचर.”

प्रकरण संपायला चार ओळी उरल्या होत्या. चारच हो! मला त्या दिसत होत्या, तिच्या करंगळीखाली. सुष्मितालाही दिसत होत्या. तिचा हात पुस्तकाशी गेला आणि तिथंच थांबला. तीनशे वर्षांच्या घराचा नियम, आजोबांची तार, धरलेला अध्याय, सगळं त्या हातात होतं. मला वाटलं, वाचते की काय आता.

तिनं विड्याचं पान उचललं, त्या चार ओळींवर ठेवलं आणि पुस्तक मिटलं.

माझ्या सबंध आयुष्यात माझ्यावर अध्याय अर्धा राहिला तो त्या दिवशी, पहिल्यांदा. घंटा व्हायला अजून वेळ होता. तोवर सगळी मुलं तशीच बसून राहिली. पवित्राचा अंगठा माझ्या टवक्यावर फिरत होता. सोमवारी ती शाळेत आली. तेव्हापासून येते आहे. रोज हसते असं नाही. काही शुक्रवारी ऐकता ऐकता उठून बाहेर जाते, आणि सुष्मिता तिला जाऊ देते.

मित्रांनो, आता मी थकले आहे. माझी गुंफण करकरते. वर्षातून एकदा खोबरेल तेलाचा हात फिरवलात आणि मला भिंतीच्या ओलीपासून लांब ठेवलंत, तर आणखी काही वर्षं उभी राहीन. माझं तेवढंच मागणं. पण तुम्ही उद्या मोठे व्हाल, कुणाला तरी वाचून दाखवाल, धाकट्या भावाला, नाहीतर भरलेल्या वर्गाला. तेव्हा गोष्ट असो की माहिती, आधी एकट्यानं शेवटच्या पानापर्यंत वाचा. समोर कोण बसणार आहे ते विचारा. आणि वाचताना मान वर करायला विसरू नका. समोरचा चेहरा म्हणाला थांब, तर थांबा. पुस्तक कुठं पळून जात नाही.

ते राखाडी पुस्तक वर्गाच्या खोक्यात सगळ्यांत वर असतं. विड्याचं पान वाळून तपकिरी झालं आहे. सुष्मिता शुक्रवारी पवित्राकडे बघते, ती मान हलवून नाही म्हणते, मग दुसरं पुस्तक निघतं. खोक्याला कुलूप नाही. पण त्या चार ओळी आजवर कुणीही चोरून वाचलेल्या नाहीत, साईकुमारनंसुद्धा नाही.